रिकामा पीसी आकाशाच्या कामाला जुंपायचाय? मग आधी हे वाचा

वर्षातनं दोन-तीनदा तरी कोणतरी विचारतंयच, "दादा, ते एलियन शोधायचं सॉफ्टवेअर असतंय न्हवं, ते कुठनं घ्यायचं?" विचारणारा बहुतेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा असतोय, नवीन लॅपटॉप घेतलेला असतोय आणि रात्री कायतरी व्हिडिओ बघून डोकं तापलेलं असतंय. रंकाळ्यावर भेळ खात खात प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसलाय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, इथनं पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार.

वाईट बातमी आधी. तुम्ही ज्याच्या नादानं आलाय ते सेटी अॅट होम नवीन काम देत नाही. ३१ मार्च २०२० ला त्यांनी लोकांना डेटा वाटायचा बंद केला. त्यामुळं कुठं जुनी लिंक सापडली, फाइल उतरवली, इन्स्टॉल केली आणि दोन दिवस "काम येईना, काम येईना" करत बसला तर तुमचं नेट बिघडलेलं नाही, तिकडं काम वाटणारंच कोण नाही. पण ज्या सॉफ्टवेअरवर ते चालायचं ते बॉइंक अजून जोरात चालू आहे आणि त्यावर आकाशाची दुसरी कामं आहेत, ती खाली सांगतो.

त्याआधी थोडं मागचं सांगणं भाग आहे, कारण ज्याला आपलं मशीन आत काय करतंय ते कळत नाही तो पंधरा दिवसात कंटाळून काढून टाकतो, हे मी लय वेळा बघितलंय.

हे काम असतंय तरी काय

गावाकडं इर्जिक असते माहिती असेल. एकाच्या रानात काम लय झालंय, त्याच्या एकट्याच्यानं होणार नाही, मग आजूबाजूची माणसं आपापली बैलं, आपापली अवजारं घेऊन येतात, दिवसभर काम करतात, पैसे नाहीत, संध्याकाळी जेवण. हे तसंच. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांकडं रेडिओ दुर्बिणीचा डेटा ढिगानं होता आणि तो चाळायला सुपर कॉम्प्युटर भाड्यानं घ्यायचे पैसे नव्हते. १७ मे १९९९ ला त्यांनी सॉफ्टवेअर सोडलं आणि सांगितलं, तुमचा पीसी नुसता बसलेला असतोय तेव्हा आमचं थोडं काम करा. पुढं वीस वर्षात ५० लाखांवर लोकांनी ते चालवलं. आमच्यासारखे पण त्यातच.

डेटा यायचा पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा. गंमत अशी की ह्या लोकांनी दुर्बीण स्वतःसाठी मागितलेलीच नव्हती, दुसरे शास्त्रज्ञ आपल्या कामासाठी ती जिकडं वळवतील तिकडचंच हे पण ऐकत बसायचे, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून जिकडं तो जाईल तिकडं आपण. ३५ जीबीच्या टेपवर रेकॉर्ड करायचं आणि टेप टपालानं बर्कलेला पाठवायच्या, कारण तेव्हा तिकडचं नेट एवढा डेटा ओढणारं नव्हतं. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचा २.५ मेगाहर्ट्झचा पट्टा, त्याच्या २५६ चिरफळ्या, आणि एकेका चिरफळीचा १०७ सेकंदांचा तुकडा म्हणजे एक वर्क युनिट, साधारण ३४० केबी. आज व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतोय.

१४२० च का, तर हायड्रोजन त्या फ्रिक्वेन्सीला रेडिओ लहरी सोडतो आणि हायड्रोजन विश्वात सगळीकडं आहे, म्हणजे दुसरीकडं कोण हुशार असेल तर त्यालाही हा आकडा माहिती असणार असा हिशोब. थोडा आशेवरचा हिशोब आहे, पण कुठंतरी सुरुवात करायला पाहिजेच की.

आता एवढ्याशा तुकड्यावर पीसी रात्रभर काय करत बसायचा? हे मला पण आधी कळलं नव्हतं. रुकडी स्टेशनवर उभं राहून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकलाय का, येताना बारीक आणि जाताना जाड होतो. पृथ्वी फिरते, समोरचा ग्रह पण फिरत असणार, त्यामुळं तिकडनं येणारा सूर पण असाच सरकत जाणार, पण किती सरकणार ते माहीत नाही. मग सॉफ्टवेअर हजारो वेगवेगळ्या सरकण्या धरून तोच तुकडा परत परत तपासायचं. सगळा सीपीयू त्यातच जायचा.

आणि खरा सिग्नल ओळखायचा कसा, हे समजवायला मी नेहमी किरणोत्सव सांगतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, हळूहळू पुढं सरकत अंबाबाईच्या पायापर्यंत, मग वर, आणि थोड्या वेळात संपतात. मंदिर जागेवरच, सरकतोय सूर्य. मध्येच कुणी मंडपात ट्यूब लावली तर तिचा उजेड चढत नाही आणि उतरत नाही, लावला तसाच राहतो, म्हणजे तो सूर्याचा नव्हे. दुर्बिणीसमोरनं आकाशातली एखादी जागा सरकून जायला साधारण १२ सेकंद लागायची, त्यामुळं आकाशातला सिग्नल असेल तर तो त्या १२ सेकंदात चढला पाहिजे आणि उतरला पाहिजे. जो तसाच ढिम्म राहतो तो रडार, सॅटेलाइट, नाहीतर आपल्याच कुणाचं तरी यंत्र. आता किरणोत्सवात पण कधी ढग येतात, कधी वाटेतल्या इमारती आडव्या येतात, दरवर्षी पेपरात त्याच्यावर चर्चा असतेच. इथं पण तसंच, आडवं येणारंच जास्त.

पायरी १: मशीन बघा, भावनेत जाऊ नका

डेस्कटॉप असेल तर उत्तम. लॅपटॉप चालतो पण त्याचा पंखा आणि जाळी आधी साफ करून घ्या, कोल्हापुरातली धूळ काय असते तुम्हाला सांगायला नको, उद्यमनगरच्या आसपास राहत असाल तर त्यात लोखंडाची कीस पण धरा. दहा वर्षांपूर्वीचा जुना पीसी माळ्यावरनं काढून लावायचा विचार करू नका, तो वीज खाणार नव्यापेक्षा जास्त आणि काम करणार त्याच्या पाव.

आणि एक, मशीन स्वतःचं पाहिजे. कॉलेजच्या लॅबमध्ये, ऑफिसमध्ये, क्लासमध्ये न विचारता टाकायचं नाही. माझ्या एका मित्रानं नोकरीच्या ठिकाणी सहा मशीनवर गपचूप टाकलं होतं, महिन्याभरानं साहेबाला कळलं, आणि "परग्रहावरचे लोक शोधतोय सर" हे उत्तर साहेबाला पटलं नाही. लेखी परवानगी मिळत असेल तर घ्या, नसेल तर विषय सोडा.

पायरी २: लाइट बिल

हे कोण सांगत नाही म्हणून मी सांगतो. फुकट फुकट म्हणतात पण सॉफ्टवेअर फुकट आहे, वीज नव्हे. १०० वॅट जादा ओढणारं मशीन १० तास चाललं की १ युनिट. रोज रात्री १० तास, महिन्याला ३० युनिट. तुमचं बिल ९० युनिटचं असेल तर ह्या तिसांनी तुम्ही १०० च्या वर जाताय आणि तिथनं वरच्या युनिटांना पुढच्या स्लॅबचा दर लागतो, मग आई विचारणार. आधी आईला सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं.

साधा डेस्कटॉप सगळे कोर (सीपीयूच्या आतले काम करणारे भाग) लावून चालवला तर १०० च्या आसपास धरा, लॅपटॉप बराच कमी, आणि गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लावलं तर एकटं कार्डच २०० च्या पुढं जाऊ शकतं. इन्व्हर्टरवर अजिबात नको. लाइट गेली की काम थांबलं पाहिजे, घरातला पंखा महत्त्वाचा.

पायरी ३: बॉइंक टाका

बर्कले विद्यापीठाच्या बॉइंकच्या मूळ साइटवरनंच घ्या. दुसऱ्या कुठल्या साइटवरनं नको, "फास्ट व्हर्जन", "प्रो व्हर्जन" असलं काही नसतंय, आणि कोण पैसे मागत असेल किंवा पैसे मिळवून देतो म्हणत असेल तर ते काहीतरी वेगळंच आहे, बहुतेक तुमच्या मशीनवर क्रिप्टो कॉइन काढायचा धंदा. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्ससकट (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याच्याशिवाय असे दोन पर्याय दिसतील, पहिल्यांदा शिवायवाला घ्या. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, ते मलाच शिकवतील.

फोनवर पण बॉइंक चालतं. नेहमीच्या सेटिंगला ते फोन चार्जिंगला असताना, वायफायवर असताना आणि बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असतानाच काम करतं. तरी माझं मत विचाराल तर फोन नको, एवढ्याशा डब्यात गरमी जाणार कुठं.

पायरी ४: एकच प्रोजेक्ट निवडा

इथं सगळे चुकतात. यादी बघून हात शिवशिवतो आणि माणूस पाच प्रोजेक्ट एकदम जोडतो, मग मशीन थोडं ह्याचं थोडं त्याचं करत बसतं आणि कुठलंच वेळेत होत नाही. मिसळीच्या दुकानात गेल्यावर आपण कटवडा, भजी, थालीपीठ सगळं एकदम सांगतो का? (सांगतो. पण ते वेगळं.)

आकाशाचीच ओढ असेल तर आइन्स्टाइन अॅट होम घ्या. २००५ पासून चालू आहे, गुरुत्वलहरींच्या आणि रेडिओ, गॅमा दुर्बिणींच्या डेटात फिरणारे न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेले लय घट्ट गोळे, शोधतं. आणि तिथं खरोखर सापडतंय बरं का. २०१० मध्ये अरेसिबोच्याच डेटात त्यांना एक पल्सार, म्हणजे असलाच फिरणारा न्यूट्रॉन तारा, मिळाला, सेकंदाला जवळजवळ ४१ वेळा गरगरणारा, आणि तो ज्यांच्या मशीनवर निघाला त्यात अमेरिकेतल्या आयोवाचं एक जोडपं होतं आणि जर्मनीतला एकजण. शास्त्रज्ञ नव्हेत, तुमच्या-आमच्यासारखीच, घरी पीसी चालू ठेवणारी.

लघुग्रहांचे आकार आणि त्यांचं फिरणं काढायचं असेल तर अॅस्टरॉइड्स अॅट होम, आपल्या आकाशगंगेचा आकार काढायचा असेल तर मिल्कीवे अॅट होम. आकाश नको, औषध-पाणी पाहिजे असेल तर रोझेटा अॅट होम प्रथिनांवर काम करतं. ठरवताच येत नसेल तर सायन्स युनायटेड नावाची सोय आहे, तिथं नुसता विषय सांगायचा, प्रोजेक्ट ते निवडतात. पण मला ते पटत नाही, आपण कुणाच्या रानात राबतोय ते आपल्याला माहिती पाहिजे.

निवडलं की बॉइंकमध्ये अॅड प्रोजेक्ट करायचं, ईमेल आणि पासवर्ड द्यायचा, झालं. पासवर्ड बँकेचा देऊ नका. हसू नका, देणारे आहेत.

पायरी ५: सेटिंग, आणि इथं घाई करायची नाही

नुसतं इन्स्टॉल करून सोडून दिलं तर बॉइंक सगळे कोर पळवतं, पंखा ओरडायला लागतो, घरचे ओरडायला लागतात. ऑप्शन्समध्ये कम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडा.

सीपीयू किती वापरायचे तिथं ५० टक्के टाका, म्हणजे आठ धागे (थ्रेड, सीपीयू एका वेळी जेवढी कामं घेतो तेवढे) असतील तर चारच कामाला लागतील. त्याच्या खाली सीपीयू टाइम म्हणून आणखी एक आकडा असतोय, तो १०० च ठेवा. कमी केला तर मशीन सारखं पळ-थांब पळ-थांब करतं, तापमान वर-खाली होत राहतं आणि पंख्याचा आवाज असा येतो की झोप लागत नाही. गरमी कमी करायची असेल तर कोर कमी करा, हा आकडा नको.

बॅटरीवर असताना थांबायचं, ती टिक लावा. तुम्ही मशीन वापरत असताना थांबायचं, ती पण लावा, निदान पहिला महिना. थांबवलेलं काम मेमरीतच ठेवायची एक टिक आहे, ती लावली तर परत सुरू होताना मागचं थोडंफार काम वाया जात नाही, मात्र रॅम ४ जीबीच असेल तर नको. वेळ ठरवता येते, मी रात्री ११ ते सकाळी ६ ठेवतो, एप्रिल-मेमध्ये पूर्ण बंद. थंडीत मात्र २४ तास, पाय टेबलाखाली मशीनजवळ घेऊन बसलं की बरं वाटतं.

ग्राफिक्स कार्ड पहिला महिना बंदच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती दिवसांचं काम साठवून ठेवायचं तो आकडा. नवीन माणसाला वाटतं जास्त साठा म्हणजे चांगलं, १० दिवसांचं भरून ठेवतो. नको. ०.१ आणि जादाचं ०.२५, बास. प्रत्येक कामाला मुदत असते, आइन्स्टाइनवर साधारण पंधरवडा, कुठं त्याहून कमी, आणि मुदत गेली की ते काम दुसऱ्याला देतात, तुमची वीज गेली ती गेली. मला हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. सेटीचं आठवड्याभराचं काम भरून ठेवलं होतं आणि पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. पीसी उचलून वरच्या मजल्यावर नेला, आम्ही नातेवाइकांकडं गेलो, लाइट कितीतरी दिवस नाही, परत येऊन चिखल काढण्यातच पुढचे दिवस गेले. मशीन वाचलं. पण चालू केलं तेव्हा यादीतली बरीच कामं मुदत संपलेली. पुरात लोकांचं काय काय गेलं आणि मी वर्क युनिटांचं दुःख करतोय म्हणून तेव्हा कुणाला बोललो नाही, आत्ता पहिल्यांदा लिहितोय.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस काय दिसतं

काही नाही. खरं सांगतो, काही दिसत नाही. टक्केवारीची एक पट्टी सरकते, काम संपतं, अपलोड होतं, दुसरं येतं. २००१ मध्ये राजारामपुरीत मित्राच्या सायबर कॅफेत आम्ही रात्री दोन मशीनवर चालवायचो तेव्हा निदान तो रंगीत ग्राफचा स्क्रीनसेव्हर तरी होता, गिऱ्हाइकं विचारायची हे काय, आणि मित्र गंभीर चेहरा करून नासाचं काम आहे म्हणून सांगायचा. नासाचं नव्हतं ते. पण त्यामुळं दोघं-तिघं तरी जादा तास बसायची.

वेबसाइटवर तुमच्या खात्यात काम "पेंडिंग" दिसेल, घाबरू नका. तेच काम बहुतेक ठिकाणी आणखी एका अनोळखी माणसाच्या मशीनला दिलेलं असतं, दोघांचं उत्तर जुळलं तरच धरतात. तो दुसरा कदाचित सुट्टीला गेलेला असेल. तुमचं सारखं "एरर" किंवा "इन्व्हॅलिड" येत असेल तर मात्र मशीन तापतंय, नाहीतर तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय, म्हणजे सीपीयू ठरल्यापेक्षा जोरात पळवलाय, नाहीतर रॅम खराब आहे. आमच्या एकाला रॅमची काडी बिघडलीय हे असंच कळलं, गेम चालत होते, आइन्स्टाइन चालत नव्हतं.

जुळलं की क्रेडिट मिळतं. क्रेडिट म्हणजे नुसते मार्क, त्याचं काही येत नाही. तरी लोक त्याच्यामागं लागतात, माझा एक दोस्त तर फक्त क्रमवारीत वर जायला नवीन कार्ड घेऊन आला. तालमीत काही पोरं नुसती आरशासमोर दंड फुगवायला येतात, तसलं ते. थोडे दिवस मजा येते, नाही म्हणत नाही.

"पण वीस वर्षात सापडलं काय?"

हा प्रश्न तुम्हाला घरात, कट्ट्यावर, लग्नात, सगळीकडं विचारणार, म्हणून उत्तर पाठ करून ठेवा. परग्रहावरचं कोण सापडलं नाही. आमच्या सगळ्यांच्या मशीननी मिळून १२ अब्ज नोंदी काढल्या, म्हणजे "इथं कायतरी वेगळं वाटतंय" अशा जागा. मळणी झाली, पण उफणायची कोण? ते काम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका मोठ्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर) केलं, ज्या नोंदी माणसाच्या यंत्रांच्या वाटल्या त्या वाऱ्यावर सोडल्या, आणि चाळता चाळता शेवटी १०० च्या आसपास उरल्या. त्या नंतर चीनमधल्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीनं परत तपासायला घेतल्या. चाळणी नीट आहे का बघायला त्यांनी मध्ये मुद्दाम खोटे सिग्नल मिसळून ठेवले होते, ते सापडतात का बघायला. हे मला लय आवडलं. २०२५ मध्ये ह्या सगळ्यावर शोधनिबंध आले.

त्यामुळं आज एवढं तरी सांगता येतं की आकाशाच्या ज्या पट्ट्यात अरेसिबोनं कान लावला तिथं त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास अमुक ताकदीच्या वर कोण सतत ओरडत असता तर आपल्या चाळणीत अडकला असता. कट्ट्यावरच्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. तो म्हणतो म्हणजे काहीच नाही. मी म्हणतो विहिरीला पाणी लागलं नाही तर पुढचा माणूस तिथं खोदत नाही, आणि मग चहा सांगतो.

पायरी ७: सोडताना

कधीतरी सोडणार तुम्ही, परीक्षा येते, लॅपटॉप बदलतो, लग्न होतं. सोडा, पण सरळ अनइन्स्टॉल मारू नका. प्रोजेक्टवर जाऊन "नो न्यू टास्क्स" दाबा, हातातलं काम संपू द्या, अपलोड झालं की मग काढा. घाई असेल तर कामं अॅबॉर्ट करा, म्हणजे सर्व्हरला लगेच कळतं आणि ती दुसऱ्याला जातात. नुसतं काढून टाकलं तर ते काम मुदत संपेपर्यंत तुमच्या नावावर अडकून राहतं आणि ज्या अनोळखी माणसानं तुमच्या जोडीनं ते पूर्ण केलंय तो तिकडं पेंडिंग बघत बसतो.

माझ्या मशीनवर सेटीचं शेवटचं काम लॉकडाउनमध्ये संपलं. बाहेर सगळं शांत, राजारामपुरीत रात्री नऊला कुत्रं सुद्धा नाही, पट्टी १०० वर गेली, अपलोड झालं आणि यादी रिकामी. मी थोडा वेळ अपडेट दाबत बसलो, उगीच. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण पण कोसळली, केबल तुटून वरचा सगळा सांगाडा खाली तबकडीवर. दुसऱ्या दिवशी मी आइन्स्टाइन जोडलं.

एवढं करून अडलंच तर रविवारी संध्याकाळी मी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला असतो, लॅपटॉप घेऊन या. चार्ज करून आणा, तिथं प्लग नाही.